जेंडर (लिंगभाव)

जेंडर : इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द, बोलताना सहसा नपुंसकलिंगीच वापरतात ("जेंडर कुठलं टाकू?"). अर्थ दोन, एक व्याकरणातलं लिंग आणि दुसरा म्हणजे बाईनं कसं असावं, पुरुषानं कसं असावं हे समाज जे ठरवतो ते. या दुसऱ्या अर्थाला मराठीत अभ्यासक लिंगभाव म्हणतात. शरीराचं लिंग हा तिसरा मुद्दा, पण फॉर्मवर सगळं 'लिंग' या एकाच रकान्यात कोंबलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

उगम लॅटिन 'गेनुस', म्हणजे प्रकार किंवा कूळ. जुन्या फ्रेंचमधून साधारण १४व्या शतकात शब्द इंग्रजीत आला असं धरतात. संस्कृत 'जन्' धातू आणि त्यावरून आलेले आपले जन्म, जात हे शब्द याच कुळातले. मंडईत आपण आंब्याची जात विचारतो, तिथला 'जात'चा अर्थ 'गेनुस'च्या अगदी जवळचा आहे.

व्याकरणातलं लिंग कशावरून ठरतं हा वाद फार जुना. ग्रीकांत नामांचे तीन वर्ग तत्त्वज्ञ प्रोटॅगोरसनं पाडले असं अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. आपल्याकडे पतंजलीनं (बहुतेकांच्या मते इ.स.पू. २रं शतक) महाभाष्य या संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथात आधी शरीराच्या खुणांवरून स्त्री, पुरुष, नपुंसक असं लक्षण दिलंय आणि लगेच शंका काढलीये की मग खट्वा म्हणजे खाट स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी का, त्यांना कुठे तसल्या खुणा आहेत? बायको या एकाच अर्थाचे संस्कृतात भार्या स्त्रीलिंगी, दार पुल्लिंगी (तेही बहुवचनात) आणि कलत्र नपुंसकलिंगी. भाष्यात बरीच तात्त्विक उत्तरं येतात, पण 'लिंग लोकांच्या वापरावर अवलंबून, ते शिकवायची गरज नाही' हे तिथलंच मत सगळ्यात टिकाऊ वाटतं. महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती १८८० पासून ज्यांनी काढली ते जर्मन संस्कृतपंडित कीलहॉर्न पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकवायचे.

मराठीनं तिन्ही लिंगं टिकवली, हिंदीनं नपुंसक सोडलं. त्यामुळे आपल्याकडे बस ती, ट्रक तो, टेबल ते, आणि मुलगा-मुलगी दोघांनाही 'पोरगं' चालतं. कोल्हापूरकडच्या मुली 'मी येतो' म्हणतात, पुण्यात आल्या की त्यांना हटकून टोकलं जातं. खरंतर ते तिथलं रीतसर बोलणं आहे, चूक नाही, आणि क्रियापदाचं लिंग म्हणजे बोलणाऱ्याचं लिंग नव्हे हे दाखवणारं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

सामाजिक अर्थ नेमका कुणाचा यावर एकमत नाही. स्त्री किंवा पुरुष अशा अर्थानं जेंडर इंग्रजीत १५व्या शतकाच्या आसपासही सापडतो, तरी १९२६ मधे इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिणारा फाउलर हा शब्द फक्त व्याकरणाचा असं बजावत होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बेंटलीनं १९४५ मधे 'सेक्सची सामाजिक बाजू' अशा अर्थानं तो वापरलाय, पण श्रेय बहुधा मानसशास्त्रज्ञ जॉन मनीच्या १९५५ च्या लेखनाला देतात, आणि शब्द त्यानंतर पसरला हे बघता ते ठीकच वाटतं. पुढे मनोविश्लेषक स्टोलर (१९६८) आणि स्त्रीवादी अंगानं समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओकली (१९७२) यांनी तो वापरला.

शब्द नव्हता तेव्हाही विचार होताच. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मधे पुण्यातच छापलं गेलं, आणि बायकांच्या माथी मारलेले दुर्गुण पुरुषांत नाहीत का हा त्यातला सवाल लिंगभावाचाच आहे, म्हणून मराठीत या नोंदीची सुरुवात खरंतर तिथून धरायला हवी. पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र १९८७ पासून आहे.

कायद्यात, सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःचं जेंडर स्वतः ठरवायचा तृतीयपंथी व्यक्तींचा हक्क मान्य केला.