महाधमनीवर आडवा पडलेला नाल

साधारण ४०० ते ५०० माणसांमागे एकाची दोन्ही मूत्रपिंडं वेगळी नसतातच. बहुधा खालच्या टोकांना ती एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे आकार थेट घोड्याच्या नालासारखा दिसतो. त्रास नसेल तर हे माणसाला आयुष्यभर कळतही नाही. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी होते आणि तेव्हा ते उघडकीला येतं.

घोटाळा गर्भातच होतो. मूत्रपिंडं ओटीपोटात तयार होतात आणि हळूहळू वर सरकतात. जोडली गेलेली मूत्रपिंडं मात्र वाटेत अडतात, कारण दोघांना जोडणारा मधला पट्टा महाधमनीवरून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या शरीराच्या मुख्य धमनीवरून, आडवा जातो आणि तिच्या पुढच्या बाजूने निघणारी मोठ्या आतड्याची एक धमनी त्याला खुंटीसारखी आड येते. वर चढताना मूत्रपिंडं जुन्या रक्तवाहिन्या सोडत नव्या घेत जातात. अर्ध्यावर थांबलेल्या मूत्रपिंडांकडे जुन्यांपैकी काही राहून जातात. मग दोन्ही बाजूंना एकेक धमनी असायची, तिथे तीन, चार, कधी त्याहून जास्त.

आता याच महाधमनीचं आतलं अस्तर फाटलं तर? रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसतं, त्यांना सोलत पुढे जातं आणि खऱ्या वाटेशेजारी एक खोटी वाट तयार होते. बहुतेकदा मुळाशी उच्च रक्तदाब असतो. छातीत किंवा पाठीत एकदम कळ येते, ती पहिल्या क्षणापासूनच असह्य. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० मध्ये असाच अचानक गेला; शवविच्छेदनात महाधमनीतली चीर सापडली. चीर हृदयाजवळ असेल तर लगेच शस्त्रक्रिया लागते. खालच्या भागात असेल तर आधी रक्तदाब उतरवतात, आणि एखाद्या अवयवाचं रक्त तुटत असेल तर जांघेतून आत कापडी आवरणाचा स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, सरकवतात.

नालाकृती मूत्रपिंड असलेल्या रुग्णात खरी डोकेदुखी इथे सुरू होते. कुठली धमनी खऱ्या वाटेतून भरते आणि कुठली खोट्या? डावा भाग व्यवस्थित, पण मधला पट्टा उपाशी, असंही होऊ शकतं. म्हणून सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये, प्रत्येक फाटा मोजावा लागतो. पोट उघडायची वेळ आली तर पट्टा नेमका महाधमनीवर. तो कापला तर रक्तस्राव आणि लघवी गळण्याची भीती. त्यामुळे अनेक सर्जन डाव्या कुशीतून, मागच्या बाजूने जाणं पसंत करतात. स्टेंटने पट्टा वाचतो, पण धमन्यांची तोंडं झाकली जाऊ शकतात. बारीक फाट्यावर एक वेळ पाणी सोडता येतं, पण ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असलेला शक्यतो वाचवतात.

दोन्ही गोष्टी एकाच माणसात येणं बहुतेक वेळा निव्वळ योगायोग असतो. टर्नर सिंड्रोम मात्र अपवाद. त्यात मुलीतलं एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं, आणि नालाकृती मूत्रपिंड व महाधमनी फाटण्याचा धोका दोन्ही वाढतात. म्हणून हे निदान झालं की मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीबरोबर हृदयाची आणि महाधमनीची तपासणीही करतात.