डायलवरचा आकडा आणि परवान्याची हद्द

हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून इतरांशी संपर्क साधण्याचा, परवाना नुकताच हाती आलेल्यांमध्ये एक समज सरसकट आढळतो: डायलवर दिसणारा वारंवारतेचा आकडा परवान्याने दिलेल्या हद्दीत असला, म्हणजे आपले प्रक्षेपणही हद्दीत आहे. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे पाहण्यासाठी अमेरिकेतील ‘टेक्निशियन’ या प्राथमिक वर्गाचे उदाहरण सोयीचे ठरेल. या परीक्षेत 35 पैकी 26 उत्तरे बरोबर यावी लागतात. नागरिकत्वाची अट नसल्यामुळे नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेले मराठी तरुणही ती देऊ शकतात.

या वर्गाला 30 मेगाहर्ट्‌झच्या वर सर्व हौशी पट्टे (हौशी चालकांसाठी राखलेल्या वारंवारतांचे टप्पे) मोकळे असतात. त्याखाली मात्र आवाजाने बोलण्यासाठी 10 मीटर पट्ट्यातील (पट्ट्यांची ही नावे लहरींच्या ढोबळ लांबीवरून पडली आहेत) 28.300 ते 28.500 मेगाहर्ट्‌झ एवढाच तुकडा मिळतो, आणि तोही कमाल 200 वॅटच्या मर्यादेत. 80, 40 आणि 15 मीटर पट्ट्यांच्या काही भागांत मोर्स संकेतांची मुभा आहे. मोर्सची परीक्षा 2007 साली रद्द झाली, मुभा राहिली. बाजारातला रेडिओसंच मात्र संपूर्ण 10 मीटर पट्ट्यावर प्रक्षेपण करू शकतो, कारण परवान्याचा वर्ग त्याला ठाऊक नसतो. हद्द पाळण्याची जबाबदारी सर्वस्वी चालकाची असते.

आता मुख्य मुद्दा. एका वारंवारतेच्या वाहक तरंगावर, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या लहरीवर, आपला आवाज चढवणे म्हणजे गणिताच्या भाषेत दोन कोज्यांचा (cos) गुणाकार करणे होय. शाळेतील त्रिकोणमितीनुसार या गुणाकारातून दोन नव्या वारंवारता निघतात: एक बेरजेची आणि दुसरी वजाबाकीची. मानवी आवाजातील सुमारे 300 ते 3000 हर्ट्‌झचा भाग पाठवायचा असेल, तर वाहकाच्या वर एक आणि खाली एक असे वारंवारतांचे दोन बाजूपट्टे, म्हणजे साइडबँड, तयार होतात. सिंगल साइडबँड पद्धतीत वाहक दाबला जातो, एक साइडबँड गाळला जातो आणि उरलेला तेवढा अँटेनाकडे जातो. 10 मीटरवर वरचा साइडबँड वापरण्याचा प्रघात आहे. डायल मात्र दाबलेल्या वाहकाचीच वारंवारता दाखवतो, म्हणजे जेथे जवळजवळ काहीच प्रक्षेपित होत नाही तो बिंदू. डायल 28.498 वर असेल, तर प्रत्यक्ष संदेश 28.4983 पासून 28.501 पर्यंत पसरतो आणि हद्द ओलांडतो. बांधाला खेटून लावलेल्या आंब्याच्या फांद्या शेजाऱ्याच्या शेतात जाव्यात, तसेच हे आहे. म्हणून डायल 28.497 च्या वर नेऊ नये.

एवढ्यानेही भागत नाही. मायक्रोफोनची पातळी जास्त ठेवली, तर शक्तिवर्धक (अँप्लिफायर) सरळ प्रमाणात काम करीत नाही आणि आवाजातील दोन स्वरांच्या मिश्रणातून तिसराच स्वर उपजतो. 2800 आणि 700 हर्ट्‌झचे स्वर घेतले, तर पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा करून 4900 हर्ट्‌झचा स्वर मिळतो, जो मूळ आवाजात नव्हताच. अशा वेळी डायल 28.496 वर असूनही त्याचा अंश 28.5009 वर उमटतो. माझ्या मते हे गणित नवख्या चालकाने एकदा तरी कागदावर मांडून पाहावे. एफएममध्ये आवाजाचा पसारा आणखी मोठा, साधारण 16 किलोहर्ट्‌झ असतो. म्हणून 2 मीटर पट्ट्याच्या वरच्या 148 मेगाहर्ट्‌झच्या कडेपासून किमान 8 किलोहर्ट्‌झ खाली राहावे लागते.

रेडिओलहरींविषयी ‘आज रात्री घातक किरण येणार, मोबाइल दूर ठेवा’ अशा अफवा पसरवल्या जातात, त्यांना कसलाही आधार नाही. 28 मेगाहर्ट्‌झच्या लहरींमध्ये रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते; तीव्र क्षेत्रात शरीर तापू शकते, आणि म्हणूनच शक्ती व अँटेनापासूनचे अंतर मोजून सुरक्षितता तपासणे नियमांनी बंधनकारक केले आहे.

जेथे उच्च वर्गाचा परवानाधारक नियंत्रक चालक, म्हणजे प्रक्षेपणाला जबाबदार चालक, म्हणून स्वतः उपस्थित असेल, तेथे टेक्निशियनला त्याच्या पट्ट्यांतही बोलता येते. तो उठून गेला की ती मुभा संपते. हा अमेरिकन परवाना घेऊन सुट्टीत घरी आलेल्या चालकाला भारतात त्याच्या बळावर आपोआप प्रक्षेपण करता येत नाही, त्यासाठी येथील दूरसंचार विभागाची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते.