भिवंडीच्या मोहल्ला समित्या : पोलीस आणि वस्ती यांच्या भागीदारीची पार्श्वभूमी

पोलीस आणि नागरिक यांनी मिळून स्थानिक गुन्ह्यांचे व तंट्यांचे प्रश्न सोडवावेत, ही कल्पना महाराष्ट्रात परदेशातून आली असे अनेकदा गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. गावगाड्यात पाटील, रामोशी, जागल्या आणि वेसकर यांच्याकडे राखणीची आणि चोरीचा माग काढण्याची जबाबदारी होतीच. इंग्रजी अमलात १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने या व्यवस्थेतील पाटलाला सरकारी चौकटीत बसवले. वतनी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने आजचा नियुक्त, मानधनावर काम करणारा पोलीस पाटील उभा राहिला. जुनी व्यवस्था जातींच्या उतरंडीवर उभी होती आणि राखणीचे कष्ट बहुतांशी खालच्या मानल्या गेलेल्यांच्या वाट्याला येत, हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तरीही गावात निदान पोलिसांच्या ओळखीचा एक माणूस होता. वाढत्या शहरांतील दाट, परप्रांतांतून आलेल्या कामगारांच्या वस्त्यांत तोही नव्हता.

भिवंडी हे असेच शहर. ठाणे जिल्ह्यातील या यंत्रमागाच्या गावात मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली आणि तिचे पडसाद जळगाव व महाड येथे उमटले. या तिन्ही ठिकाणच्या घटनांची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली आणि पोलिसांच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे आणि मुंबईपर्यंत पोहोचली. दोन्ही दंगलींच्या दरम्यान शांतता समित्या नव्हत्या असे नाही. मात्र सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात बैठक बोलवायची, त्याच त्या प्रतिष्ठितांनी तीच ती भाषणे करायची आणि चहापानानंतर पुढच्या सणापर्यंत एकमेकांची तोंडे पाहायची नाहीत, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असे. व्यासपीठावरील या मंडळींचा गल्लीत किती शब्द चालतो, हे कोणी तपासत नसे.

सुरेश खोपडे १९८८ मध्ये भिवंडीचे पोलीस उपायुक्त झाले, तेव्हा त्यांनी नेमक्या याच ठिकाणी बदल केला. शहराचे छोटे विभाग पाडून सुमारे ७० मोहल्ला समित्या स्थापन करण्यात आल्या. प्रत्येक समितीत त्या वस्तीतील हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी घेण्यात आले आणि तिचे कामकाज त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसांशी जोडण्यात आले. बैठका दंगलीच्या भीतीने नव्हे, तर नियमितपणे होत आणि चर्चा नळाचे पाणी, गटार, शेजाऱ्याशी झालेली बाचाबाची, घरगुती भांडणे, अदखलपात्र तक्रारी अशा साध्या विषयांवर असे. वरकरणी हे पोलिसांचे काम वाटत नाही. पण मोठी दंगल बहुतेक वेळा अशाच एखाद्या क्षुल्लक खटक्याला अफवेची जोड मिळून सुरू होते, आणि अफवा खरी की खोटी हे विचारायला ज्याच्याकडे जाता येईल असा ओळखीचा हवालदार वस्तीत आहे की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते. खबऱ्यांच्या जाळ्यापेक्षा ही पद्धत मुळातच वेगळी होती, कारण खबऱ्या गुपचूप माहिती देतो, तर समितीतील माणूस चारचौघांत बोलतो आणि त्याच्या बोलण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते.

कसोटी डिसेंबर १९९२ मध्ये लागली. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत मिळून ९०० माणसे मृत्युमुखी पडली, असे या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. मुंबईच्या उंबरठ्यावरची, दंगलींसाठी कुप्रसिद्ध असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम संघर्षाच्या आपल्या अभ्यासात या उदाहरणाची दखल घेतली, कारण दोन समाजांना जोडणारे दुवे नसतील तर प्रशासनालाही ते निर्माण करता येतात, असे त्यातून दिसत होते. शांततेचे सगळे श्रेय समित्यांना देणे घाईचे ठरेल. दोनदा होरपळलेल्या गावाला पुन्हा माग बंद पडणे परवडणारे नव्हते, हेही कारण त्यात असणारच.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर घेतला. पोलीस आयुक्त सतीश सहानी यांच्या काळात, १९९४ पासून, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि इतर नागरिकांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. वस्तीतील तरुण आणि पोलीस यांच्यातील क्रिकेट सामने हा तिचा सर्वाधिक गाजलेला उपक्रम. ग्रामीण भागात या विचाराचे वेगळे रूप १५ ऑगस्ट २००७ रोजी आले. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत ग्रामसभेने नेमलेली समिती दिवाणी, महसुली आणि तडजोडपात्र फौजदारी तंटे गावातच मिटवू लागली आणि तंटामुक्त ठरलेल्या गावांना रोख पुरस्कार मिळू लागले. पुरस्कारामुळे मोहीम झपाट्याने पसरली. परंतु तडजोडीचे आकडे मोजले जाऊ लागले की दुबळ्या पक्षावर, विशेषतः तक्रार करणाऱ्या स्त्रीवर, गप्प बसण्यासाठी दबाव येण्याचा धोकाही वाढतो.

भिवंडीचा पुढचा इतिहास सुखद नाही. जुलै २००६ मध्ये क्वार्टर गेट परिसरातील वादग्रस्त जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तणाव निर्माण झाला, पोलीस गोळीबारात दोन जण ठार झाले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. या वेळी संघर्ष दोन धर्मांत नव्हता, तर थेट वस्ती आणि पोलीस यांच्यात होता. म्हणजे ज्या नात्यावर समित्या उभ्या होत्या, तेच तुटले होते. मोहल्ला समितीला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. ती अधिकाऱ्याच्या आस्थेवर चाले आणि त्याच्या बदलीबरोबर सैल पडे. योगायोग असा की त्याच वर्षी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात जिल्हा पोलीस प्रमुख आणि पोलीस ठाण्याचे प्रमुख यांना एका जागी किमान दोन वर्षांचा कार्यकाळ देण्याचा आदेश दिला. भिवंडीच्या समित्या स्थापन होण्यापासून १९९२ च्या कसोटीपर्यंतचा काळ त्याहून बराच मोठा होता.