वर्तन विश्लेषकांचे पर्यवेक्षित क्षेत्रकार्य

उपयोजित वर्तन विश्लेषण (एबीए), म्हणजे वर्तनाचे निरीक्षण आणि मोजमाप करून त्यात बदल घडवण्याची शाखा, हिच्यात स्वतंत्रपणे काम करण्याआधी उमेदवाराने अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली पूर्ण करायचे प्रत्यक्ष काम. स्वमग्न मुलांच्या सेवांमध्ये ते सर्वाधिक चालते. त्याची सर्वपरिचित चौकट 1998 मध्ये स्थापन झालेल्या ‘बिहेवियर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड’ (बीएसीबी) या अमेरिकी संस्थेची आहे.

बीएसीबीच्या 2022 पासूनच्या नियमांत बीसीबीए (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट) या प्रमाणपत्रासाठी दोन मार्ग आहेत. नेहमीच्या मार्गाने 2000 तास भरावे लागतात, त्यांतले दरमहा किमान 5 टक्के पर्यवेक्षणाखाली आणि महिन्यात किमान 4 भेटी. सघन मार्गाला 1500 तास पुरतात. मात्र पर्यवेक्षण 10 टक्के आणि भेटी 6. दोन्हींत महिन्यातून एकदा तरी पर्यवेक्षकाने उमेदवाराला सेवार्थीबरोबर काम करताना पाहिलेच पाहिजे. गटातले पर्यवेक्षण एकूण पर्यवेक्षणाच्या निम्म्याहून अधिक चालत नाही. म्हणजे नेहमीच्या मार्गात महिन्याला 100 तास काम केले, तर 5 तास पर्यवेक्षण हवे आणि त्यांतले किमान अडीच तास एकट्याला मिळाले पाहिजेत. सगळे तास पाच वर्षांच्या आत पूर्ण व्हावे लागतात.

खरी मेख तासांच्या प्रकारात आहे. मुलाबरोबर बसून ठरलेला कार्यक्रम राबवणे हे काम एकूण तासांच्या 40 टक्क्यांपर्यंतच धरले जाते. उरलेले किमान 60 टक्के निरीक्षण, मूल्यमापन, आलेखांचे वाचन, कार्यक्रम लिहिणे, पालकांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवणे यांत जायला हवेत. केंद्राचे उत्पन्न बहुधा थेट सेशनमधून येते. त्यामुळे उमेदवाराला दिवसभर सेशनला जुंपले जाते आणि वर्षअखेरीस 60 टक्क्यांचा हिशेब जुळत नाही. यात उमेदवाराचा दोष क्वचितच असतो. सुरुवातीच्या लेखी करारातच थेट सेशनपलीकडच्या या कामाची सोय कोण करणार हे ठरवलेले बरे.

शिकवण्याची रूढ पद्धत चार पायऱ्यांची : लेखी सूचना, प्रात्यक्षिक, सराव आणि प्रतिसाद (काय जमले, काय चुकले हे सांगणे). ठरवलेली पातळी गाठेपर्यंत शेवटच्या दोन पुन्हापुन्हा करायच्या. व्यवहारात पहिल्या दोन उरकल्या जातात आणि सराव गळतो. मग उमेदवार प्रॉम्प्ट (मुलाला दिलेली मदत किंवा इशारा) कसा कमी करायचा हे तोंडपाठ सांगतो, पण मूल चुकल्याबरोबर हात पुढे करतोच. ‘छान झाले’ या शेऱ्याने काही सुधारत नाही. ‘सूचना दिल्यावर 5 सेकंद थांबायचे ठरले होते, तुम्ही दुसऱ्याच सेकंदाला मदत केली’ असे सांगितले की पुढच्या सेशनमध्ये फरक दिसतो. त्यासाठी पर्यवेक्षकाकडे पायऱ्यांची तपासयादी हवी आणि त्याने पाहतानाच खुणा करायला हव्यात.

नोंदींचा विश्वासार्हपणाही तपासायचा असतो. दोन निरीक्षक एकच वर्तन एकाच वेळी, एकमेकांचे न पाहता मोजतात. जुळणी 80 टक्क्यांच्या खाली गेली, तर आधी वर्तनाची व्याख्या दुरुस्त करावी. ‘चिडचिड’ कोणालाच मोजता येत नाही. ‘3 सेकंदांहून लांब ओरडणे’ मोजता येते.

पर्यवेक्षकाने 8 तासांचे पर्यवेक्षण-प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. प्रत्येक महिन्याच्या पडताळणी अर्जावर उमेदवार आणि पर्यवेक्षक दोघांनी पुढचा महिना संपण्यापूर्वी सही करायची आणि कागदपत्रे 7 वर्षे जपायची. नोकरी बदलल्यावर जुन्या पर्यवेक्षकाच्या मागे सह्यांसाठी फिरण्याची वेळ येते ती याच कामात आळस केल्याने. टक्केवारी कमी पडली, तर त्या महिन्याचे तास कमी करून दाखवता येतात : 100 तासांना 4 तासच पर्यवेक्षण मिळाले, तर नेहमीच्या मार्गात 80 तास धरायचे.

भारतात राहणाऱ्यांना 1 जानेवारी 2023 पासून बीएसीबीकडे नव्याने अर्ज करता येत नाही. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या उमेदवारांनी तास मोजायला लागण्यापूर्वी आपण कोणत्या संस्थेच्या प्रमाणपत्रासाठी ते मोजत आहोत हे नक्की करावे. आयबीएओ (इंटरनॅशनल बिहेवियर अ‍ॅनालिसिस ऑर्गनायझेशन) यासारख्या इतर संस्थांचे तास आणि पर्यवेक्षकाच्या अटी वेगळ्या आहेत.