परदेशातील उपचारांचा विमा दावा नाकारला गेला असेल तर : अर्जाचा क्रम, कागदपत्रे आणि मुदती

पुण्यातल्या कितीतरी घरांतले आईवडील दरवर्षी काही महिने मुलांकडे अमेरिकेत किंवा युरोपात राहून येतात. निघताना प्रवास विमा घेतलेला असतो. तिथे अचानक छातीत दुखू लागते किंवा पाय घसरून खुब्याचे हाड मोडते, रुग्णालयाचे बिल डॉलरमध्ये येते, आणि परतल्यावर काही आठवड्यांनी विमा कंपनीचे पत्र येते की दावा नामंजूर करण्यात आला आहे. या निर्णयाविरुद्ध विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची गरजही नाही. तरीही अनेकांचे अर्ज कोणी नीट वाचण्याआधीच परत येतात, कारण पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो किंवा एखादा कागद मिळवायचा राहिलेला असतो. असे अर्ज लिहायला ज्येष्ठांना मदत करताना माणसे जिथे अडखळताना पाहिली, त्या जागांविषयी येथे अधिक लिहिले आहे.

सर्वप्रथम पॉलिसी कोणत्या देशातील कंपनीची आहे ते पाहावे. मुलाने किंवा मुलीने अमेरिकेत बसून तिथल्याच कंपनीचा पाहुण्यांसाठीचा विमा घेतला असेल, तर तो भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही आणि पुण्यातील लोकपाल त्यात काहीही करू शकत नाहीत. अशा वेळी त्या पॉलिसीत दिलेल्या अपिलाच्या तरतुदीनुसारच जावे लागते. हे उशिरा कळल्यामुळे महिने वाया गेलेली कुटुंबे पाहिली आहेत, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली. पॉलिसी भारतीय कंपनीची असेल तर पुढचा मार्ग खुला आहे. क्रेडिट कार्डाबरोबर मिळालेले संरक्षण ही बहुधा गट विमा पॉलिसी असते. गट विम्याच्या तक्रारीही लोकपालांकडे चालतात, मात्र त्यासाठी बँकेकडून विम्याचे प्रमाणपत्र मिळवून ठेवावे लागते.

आता कंपनीचे पत्र काळजीपूर्वक वाचावे. ‘दावा नामंजूर’ आणि ‘कागदपत्रांअभावी दावा बंद’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारच्या पत्राला नकार समजून लोक थेट तक्रार करतात आणि त्यांना कागद पूर्ण करण्यास सांगून परत पाठवले जाते. राहिलेला कागद देऊन दावा पुन्हा उघडण्याची लेखी मागणी करणे हा तिथे सरळ उपाय आहे. पत्र खरोखर नकाराचे असेल, तर त्यात पॉलिसीचे नेमके कोणते कलम लावले आहे ते शोधावे. आरोग्य विम्याविषयी नियामकाने २९ मे २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीच्या संबंधित अटीचा उल्लेख करून कारण द्यावे लागते. विमा कायद्यातील आरोग्य विम्याच्या व्याख्येत प्रवास संरक्षणाचाही समावेश आहे. त्यामुळे ‘अटी व शर्तींनुसार दावा देय नाही’ एवढ्याच एका ओळीचे पत्र आले असेल, तर कलम कोणते आणि समितीची मंजुरी केव्हाची, हे लेखी विचारण्याचा विमाधारकाला पूर्ण अधिकार आहे.

सर्वांत जास्त वाद ‘आधीपासूनचा आजार’ या कारणावरून होतात. त्याचे मूळ बहुधा परदेशी डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेल्या एका ओळीत असते. अपघात विभागात कोणीतरी विचारते, घाबरलेली मुलगी सांगते की बाबांना खूप वर्षांपासून रक्तदाब आहे, आणि तेथे ‘दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब’ अशी नोंद होते. गोळी प्रत्यक्षात तीनच वर्षांपूर्वी सुरू झालेली असली तरी कंपनी त्या नोंदीवर बोट ठेवते. अशा नोंदीला तोंडी खुलासा पुरत नाही. पुण्यातील नेहमीच्या डॉक्टरांकडून आजाराचे निदान प्रथम केव्हा झाले, कोणते औषध केव्हापासून चालू आहे आणि प्रवासापूर्वी प्रकृती स्थिर होती का, हे लेटरहेडवर, तारीख आणि नोंदणी क्रमांकासह लिहून घ्यावे. सोबत जुन्या चिठ्ठ्या जोडाव्यात. परदेशातील नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करण्याची लेखी विनंती त्या रुग्णालयाला करता येते. अमेरिकेत रुग्णाला हा हक्क कायद्याने दिलेला आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ‘हा प्रसंग आकस्मिक आणि जिवावर बेतणारा होता’ असे लिहून दिले तर त्या कागदाचे मोल फार असते, कारण जुना आजार वगळणाऱ्या अनेक पॉलिसींत जीवघेण्या आणीबाणीपुरती ठरावीक रकमेची सवलत दिलेली असते. तीच बहुतेकांच्या वाचनातून सुटते.

याच वादात दुसरा, जवळजवळ कोणाकडेच नसणारा कागद म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत. पॉलिसी ऑनलाइन घेतलेली असते, खुणा मुलाने किंवा एजंटने केलेल्या असतात, आणि आजाराबद्दल नेमका कोणता प्रश्न विचारला होता हे कोणालाच आठवत नाही. माहिती लपवली असा आरोप कंपनी करत असेल, तर प्रश्न काय होता आणि उत्तर काय दिले गेले, हे त्या अर्जावरूनच ठरणार आहे. प्रत मिळणे हा विमाधारकाचा हक्क आहे, ती ईमेलने मागावी आणि ती आल्याशिवाय सविस्तर उत्तर लिहू नये. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी दिलेला एक निकाल येथे उपयोगी पडतो. मधुमेह असल्याचे सांगून व वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी मिळालेल्या एका प्रवाशाला अमेरिकेत पोहोचताच हृदयविकाराचा झटका आला होता आणि कोलेस्टेरॉल व मधुमेहाचे कारण देऊन कंपनीने दावा फेटाळला होता. प्रकृतीची माहिती घेऊन, तिचे मूल्यमापन करून पॉलिसी दिल्यावर त्याच प्रकृतीचे कारण पुढे करून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. मात्र ज्यांनी प्रश्न स्पष्ट असूनही ‘नाही’ असे उत्तर दिले, त्यांना या निकालाचा आधार मिळेल अशी आशा बाळगू नये. पुढच्या प्रवासाआधी तरी साखर, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, सारे अर्जात लिहा, ही कळकळीची विनंती आहे.

अमेरिकेतील बिलांची अडचण वेगळी आहे. रुग्णालय, डॉक्टर, क्ष-किरण तज्ज्ञ आणि रुग्णवाहिका यांची बिले स्वतंत्र येतात, काही तर दोन-तीन महिन्यांनी येतात. घरी आलेल्या पत्रात फक्त एकूण देय रक्कम असते आणि ती कंपनीला चालत नाही. रुग्णालयाकडून यूबी-०४ आणि डॉक्टरांकडून सीएमएस-१५०० या नमुन्यातील बिल मागावे. त्यात निदानाचे संकेतांक आणि प्रत्येक सेवेचे तपशील असतात. संपूर्ण वैद्यकीय नोंदीसाठी रुग्णाच्या सहीचे संमतीपत्र द्यावे लागते, म्हणून परतीच्या विमानात बसण्यापूर्वीच आईवडिलांची सही त्यावर घेऊन ठेवावी. पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का नाही म्हणूनही दावे अडकतात. अमेरिकेच्या बाबतीत आय-९४ ही प्रवेशनोंद तिथल्या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून छापून घेता येते. बोर्डिंग पास मात्र सांभाळून ठेवणे बरे. पॉलिसीची प्रत, औषधांच्या पावत्या, बँकेचा तपशील हे नेहमीचे कागद आहेतच.

कंपनीला वेळेत कळवले नाही, एवढ्याच कारणावरून नकार आला असेल तर खचून जाऊ नये. उशिराचे कारण आवाक्याबाहेरचे असेल, तर खरा दावा केवळ तांत्रिक कारणाने फेटाळू नये, असे नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे. अतिदक्षता विभागात दाखल झाल्याची तारीख आणि वेळ हाच येथे पुरावा ठरतो.

कागद जमले की पहिले पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायचे. ही पायरी टाळणे हीच अर्ज परत येण्याची सर्वांत मोठी चूक आहे. ग्राहक सेवेला केलेले वीस फोन, एजंटला पाठवलेले संदेश, यांपैकी काहीही लेखी निवेदन धरले जात नाही. ईमेल किंवा पोचपावतीसह पत्र हवे, त्यात दावा क्रमांक, नाकारण्याचे कलम, त्यावरील आपले उत्तर आणि मागणीची रक्कम हवी. सोबत नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे नोंद झाली की पाठपुरावा सोपा होतो, पण नियामक स्वतः दाव्याचा निवाडा करत नाही, हे ध्यानात असावे.

कंपनीने निवेदन फेटाळले, असमाधानकारक उत्तर दिले किंवा एक महिन्यात उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. पुण्याचे कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. अर्ज लेखी किंवा ऑनलाइन करता येतो, सुनावणी दृक्‌श्राव्य माध्यमातूनही होऊ शकते. तक्रार विमाधारकाच्या स्वतःच्या नावाने आणि सहीने हवी. विमाधारक हयात नसतील तर वारस किंवा नामनिर्देशित व्यक्ती अर्ज करू शकते. मुलाने अमेरिकेतून स्वतःच्या नावाने केलेली तक्रार परत येते, म्हणून अर्ज आईवडिलांच्याच नावाने करावा. मागणी ५० लाख रुपयांच्या आत असावी लागते, म्हणून डॉलरची रक्कम रुपयांत मांडून पाहावी आणि विमा रकमेची मर्यादा, वजावट (विमाधारकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम) व वयानुसार लागू असलेल्या उपमर्यादा लक्षात घेऊनच आकडा लिहावा. फुगवलेल्या मागणीने अर्जाचे नुकसान होते.

मुदतीबद्दल फार गैरसमज आहेत. लोकपालांकडे जाण्याची एक वर्षाची मुदत निवेदनावरील कंपनीचा निर्णय मिळाल्यापासून, किंवा उत्तर आलेच नाही तर निवेदनानंतरचा एक महिना संपल्यापासून मोजतात. लोक काय करतात, तर कंपनीला पुन्हा पुन्हा ईमेल पाठवत राहतात, ‘आमची भूमिका कायम आहे’ असे प्रत्येक वेळी उत्तर येते, आणि त्या शेवटच्या उत्तरापासून वर्ष मोजतात. कोथरूडच्या एका काकांचे असेच झाले, चौथ्या उत्तरानंतर ते अर्ज घेऊन निघाले तेव्हा पहिल्या निर्णयाला चौदा महिने झाले होते. विलंब माफ करण्याचा अधिकार लोकपालांना आहे, पण त्यासाठी सबळ कारण लिहावे लागते आणि कंपनीचा आक्षेपही ऐकला जातो.

जिल्हा ग्राहक आयोगाचा पर्याय वेगळा आहे. तेथे दोन वर्षांची मुदत असते, आणि लोकपालांकडे अर्ज प्रलंबित आहे म्हणून ती थांबते असे गृहीत धरू नये. राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि अधिकारक्षेत्र दाव्याच्या नव्हे तर भरलेल्या हप्त्याच्या रकमेवर ठरत असल्याने मोठ्या बिलाची तक्रारही जिल्हा आयोगापुढे विनाशुल्क चालते. पण ग्राहक आयोगात आधी गेले तर त्याच विषयावर लोकपालांचा दरवाजा बंद होतो, उलट लोकपालांचा निर्णय मान्य नसेल तर तक्रारदाराला पुढे आयोगात जाता येते. म्हणून साध्या प्रकरणात लोकपालांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे आहे.

लोकपाल आवश्यक कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देतात, तो कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिने ३० दिवसांत त्याची अंमलबजावणी करायची असते. त्यानंतर पैसे आले नाहीत तर तक्रारदाराला प्रतिदिन ५,००० रुपये दंड देण्याची तरतूद २०२४ च्या परिपत्रकात आहे. ती कंपनीला पत्रातून कळवण्यास संकोच करू नये.

हे सारे चालू असताना परदेशातील रुग्णालयाची बिले थांबत नाहीत. रुग्णालयाच्या बिल विभागाला दावा वादात असल्याचे लेखी कळवून, लोकपालांकडील अर्जाची प्रत जोडून, खाते वसुली संस्थेकडे न पाठवण्याची विनंती करावी. अमेरिकेतील ना-नफा रुग्णालयांना गरजू रुग्णांसाठी आर्थिक साहाय्याचे धोरण ठेवणे बंधनकारक आहे आणि पहिल्या बिलापासून किमान २४० दिवसांपर्यंत त्यासाठी अर्ज स्वीकारावा लागतो. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते लागू होते का, हे प्रत्येक रुग्णालयाचे धोरण पाहून ठरते, म्हणून तिथे राहणाऱ्या मुलांनी ते धोरण मागून घ्यावे आणि २४० दिवस संपण्याची तारीख आजच लिहून ठेवावी.