सेंद्रिय रसायनशास्त्र : खानदेशातील अध्ययन आणि रोजचा व्यवहार

कार्बनच्या संयुगांचा अभ्यास करणारी रसायनशास्त्राची शाखा म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्र. कार्बन डायॉक्साइड, धुण्याचा सोडा, चुनखडी अशी काही मोजकी कार्बनयुक्त संयुगे परंपरेने या शाखेबाहेर ठेवली जातात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात मात्र ‘सेंद्रिय’ म्हटले की आधी शेणखत, गांडूळखत आणि सेंद्रिय शेती डोळ्यापुढे येते. शेतकऱ्याच्या घरातून शास्त्र शाखेला आलेला विद्यार्थी हा अर्थ मनात घेऊनच वर्गात बसतो. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

‘सेंद्रिय’ म्हणजे इंद्रियांसह असलेले, सजीवांचे. सजीवांच्या शरीरात सापडणारी द्रव्ये प्रयोगशाळेत बनवता येत नाहीत, त्यासाठी काही जीवनशक्ती लागते, अशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी समजूत होती. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख व्होलर याने अमोनियम सायनेटपासून युरिया मिळवला. तोवर युरिया ठाऊक होता तो मूत्रातला. या समजुतीला त्यामुळे तडा गेला, नाव मात्र तसेच राहिले. आज कृषी केंद्रावर ४५ किलोच्या गोणीत मिळणारा युरिया सेंद्रिय शेतीत वर्ज्य आहे आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात तो सेंद्रिय संयुग आहे. दोन्ही विधाने बरोबर आहेत. हे पहिल्याच तासाला सांगून टाकले तर पुढचे बरेच डोकेदुखीचे प्रसंग टळतात.

शाळा आणि महाविद्यालय

महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात ‘कार्बनी संयुगे’ हे प्रकरण आहे. मालिकाबंधन शक्ती, संतृप्त (सगळे बंध एकेरी) आणि असंतृप्त (दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेले) हायड्रोकार्बन म्हणजे फक्त कार्बन-हायड्रोजनची संयुगे, क्रियात्मक गट, समजातीय श्रेणी, बहुवारिक हे शब्द मराठी माध्यमाचा विद्यार्थी तिथे शिकतो. वर्षभरात तोच विद्यार्थी अकरावी शास्त्रात जातो आणि सगळी परिभाषा इंग्रजी होते. क्रियात्मक गटाचा ‘फंक्शनल ग्रुप’ होतो, समघटकतेचे (तेच अणू, मांडणी वेगळी) ‘आयसोमेरिझम’. विषय अवघड असल्याची तक्रार सगळीकडे ऐकू येते. तीत विषयाचा वाटा किती आणि या नामांतराचा किती, हे वेगळे करून पाहायला हवे. प्रस्तुत लेखकाच्या मते निम्म्याहून अधिक भार नामांतराचा असतो. ज्याला ‘संतृप्त’चा अर्थ कळला आहे, त्याला ‘सॅच्युरेटेड’ ही नवी कल्पना नसून जुन्या ओळखीच्या माणसाचे दुसरे नाव आहे, हे कोणी सांगत नाही.

दुसरी अडचण फळ्याची. कार्बनचे चार बंध फळ्यावर अधिकच्या चिन्हासारखे चपटे दिसतात. प्रत्यक्षात ते अवकाशात चार दिशांना पसरतात आणि मिथेनमध्ये त्यांच्यामधला कोन १०९.५ अंशांचा असतो. व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ही चतुष्फलकाची कल्पना मांडली. महागडे मॉडेल-किट नसेल तर बटाट्याच्या फोडी आणि तुराटीच्या काड्या पुरतात. चार काड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब राहतील अशा खोचल्या की कोन आपोआप जमतो. एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले डावा आणि उजवा रेणू एकमेकांवर का बसत नाहीत, हे चार काड्यांना चार वेगळे रंग देऊन केलेल्या अशा दोन मांडण्या हातात घेतल्यावर पाच मिनिटांत कळते. फळ्यावर ते आठवडाभर कळत नाही.

पदवी आणि पुढच्या शिक्षणासाठी आता नाशिक-पुणे गाठण्याची सक्ती नाही. जळगावच्या विद्यापीठाची स्थापना १९९० मध्ये झाली. २०१८ पासून त्याचे नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असे आहे. रसायनशास्त्राचा विभाग आणि रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था तिथे आहे. औषधनिर्माणशास्त्राकडे जाणाऱ्यांसाठी शिरपूर हे मोठे केंद्र आहे.

केळी

जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल, सावदा या पट्ट्यात घड हिरवे, कडक असतानाच कापतात, कारण दिल्लीपर्यंतचा प्रवास पिकलेली केळी सोसत नाही. मग ती पिकवावी लागतात. हे काम इथिलीन करते. दोन कार्बन, चार हायड्रोजन आणि मधे एक दुहेरी बंध, असा हा असंतृप्त हायड्रोकार्बनांतला सर्वांत लहान अल्कीन. पिकणारे फळ स्वतःच इथिलीन सोडते हे १९३४ मध्ये सिद्ध झाले. वखारीत धूर कोंडून केळी पिकवण्याची जुनी रीत चालायची तीही याच कारणाने, कारण अर्धवट जळणाऱ्या धुरात इथिलीन असते. एक पिकलेले फळ ढिगात ठेवले की शेजारची लवकर पिकतात, हे घरोघरी माहीत असते.

रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळे पिकवण्याच्या बंद खोलीत, इथिलीन हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत वापरण्यास अन्नसुरक्षा नियमांची परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन निघतो. वेल्डिंगच्या दुकानात जळतो तोच हा वायू. त्याचा रेणू इथिलीनची जेमतेम नक्कल करतो, म्हणून पिकवण्यासाठी तो पुष्कळ जास्त लागतो. शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. बंदीमागचे कारण ते आहे.

चेंबर थंड ठेवण्यालाही कारण आहे. तापमान साधारण २४ अंश सेल्सियसच्या वर गेले की कॅव्हेंडिश जातीच्या केळीचा गर मऊ होतो, पण सालीतले हरितद्रव्य नीट मोडत नाही. केळे आतून पिकलेले आणि बाहेरून हिरवट राहते. मे महिन्यात जळगावचा पारा ४० च्या वर असताना उघड्यावर पिकवलेल्या केळीची अशी गत होते. पिवळी साल मागणारे गिऱ्हाईक त्या केळीकडे पाहून पुढे जाते, गर गोड असला तरी.

पिकल्या केळीचा ओळखीचा वास मुख्यतः आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा. आयसोअमाइल अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्ल तीव्र सल्फ्युरिक आम्लाच्या दोन थेंबांबरोबर तापवले की परीक्षानळीतून तोच वास येतो. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत एस्टरीकरण शिकवायला याहून सोयीचा प्रयोग नाही. मधमाशीच्या नांगीतून निघणाऱ्या धोक्याच्या इशाऱ्यातही हेच द्रव्य असते, तेव्हा पोळ्याशेजारी केळे सोलण्याआधी विचार करावा. केळीच्या बागेत राबणाऱ्यांच्या कपड्यांवरचे तपकिरी डाग मात्र एस्टरचे नव्हेत. खोडाच्या चिकातली पॉलिफिनॉले हवेने ऑक्सिडीकृत होतात आणि सुताच्या सेल्युलोजला घट्ट चिकटतात. म्हणूनच बागेचे कपडे वेगळे ठेवण्याची पद्धत आहे.

तर्री, भरीत आणि मिरची

शेवभाजीवर तरंगणारी लाल तर्री हा विद्राव्यतेचा सर्वांत चविष्ट धडा होय. मिरचीचा लाल रंग कॅप्सँथिन या कॅरोटिनॉइड वर्गातल्या रंगद्रव्याचा आणि तिखटपणा कॅप्सेसिनचा. दोन्ही द्रव्ये तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून फोडणीत तिखट टाकल्यावर रंग सुटतो, उकळत्या रश्श्यावर वरून भुरभुरल्यास सुटत नाही. जीभ पोळली तर पाणी पिऊन उपयोग होत नाही, दह्याने आराम पडतो, यालाही बऱ्याच अंशी हीच विद्राव्यता कारण आहे. कॅप्सेसिन शरीरातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चिकटते, त्यामुळे मेंदूला खरोखर भाजल्याचा निरोप जातो. त्या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला, आणि शोधाचे साधन होते मिरचीतले कॅप्सेसिनच. नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या जागेवर, लाल मिरची उलटवणाऱ्या बायका नाकातोंडाला फडके बांधतात ते याच द्रव्याच्या भीतीने. तिखटपणा बियांत असतो हा समज चुकीचा आहे. तो मुख्यतः बिया ज्या पांढऱ्या शिरेला लगडलेल्या असतात तिच्यात असतो.

भरताची वांगी काड्यांवर भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव का येत नाही, हा वाद खानदेशी घरांत नेहमीचा. रसायनशास्त्र काड्यांच्या बाजूने आहे. लाकडातले लिग्निन तापून तुटते तेव्हा ग्वायकॉलसारखी फिनॉले धुरात येतात आणि वांग्याच्या गरात मुरतात. गॅसच्या निळ्या ज्योतीत लिग्निन नाही.

अमळनेरचे वनस्पती तूप

२९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरच्या तेल गिरणीशी निगडित ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली. संगणकाच्या जगात ती पुढे विप्रो या नावाने ओळखली गेली. सुरुवातीचा माल होता ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण. म्हणजे दहावीच्या प्रकरणातल्या दोन अभिक्रिया, टनांच्या मापाने.

पहिली हायड्रोजनीकरणाची. तेलाच्या मेदाम्लांत दुहेरी बंध असतात, त्यामुळे रेणूच्या साखळ्या वाकड्या राहतात, एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत आणि तेल पातळ राहते. निकेल या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की काही दुहेरी बंध एकेरी होतात, साखळ्या सरळ होतात, तेल गोठते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने १९०२ मध्ये या कृतीचे पेटंट घेतले. शाळेत टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकून फरक दाखवतात. तेलात रंग उडतो, वनस्पती तुपात तसा उडत नाही. अर्धवट हायड्रोजनीकरणात उरलेले काही दुहेरी बंध ‘ट्रान्स’ मांडणीत जातात, म्हणजे दुहेरी बंध राहूनही साखळी सरळ होते. हृदयरोगाशी त्यांचा संबंध स्पष्ट झाल्यावर भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली.

या कहाणीत तिळाचाही भाग आहे. वनस्पती तुपात ५ टक्के तीळतेल मिसळण्याची कायद्याने सक्ती होती. साजूक तुपात कोणी वनस्पती मिसळले, तर फरफ्युराल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने तिळातले द्रव्य लाल रंग देई आणि भेसळ उघडी पडे. भेसळखोराच्या मालातच साक्षीदार बसवून ठेवण्याची ही युक्ती दाद देण्यासारखी आहे.

दुसरी अभिक्रिया साबणाची. तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून साबण व ग्लिसरीन मिळते. खानदेशातल्या अनेक विहिरी-बोअरचे पाणी दुष्फेन असते. त्यातले कॅल्शियम साबणाशी जुळून चिकट साका बनवते, फेस येत नाही. डिटर्जंट पावडरीतली सल्फोनेट वर्गातली द्रव्ये असा साका देत नाहीत, म्हणून ती अशा पाण्यातही चालतात.

मोह, कापूस आणि ‘औषध’

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात, मोहाच्या फुलांतली साखर आंबवून इथेनॉल होते. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० ला. त्यामुळे भट्टीतून आधी येते त्यात इथेनॉल जास्त असते. ‘पहिल्या धारेची’ या शब्दप्रयोगामागे हेच ऊर्ध्वपातन आहे.

कपाशीवर फवारायच्या कीटकनाशकालाही खानदेशात ‘औषध’च म्हणतात, आणि हा शब्द धोक्याचा आहे. ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातली संयुगे चेतातंतूंमधले ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारे द्रव्य मोडणारे विकर (एन्झाइम) बंद पाडतात, किड्यात तसेच माणसातही. ती कातडीवाटेही शरीरात जातात. विषबाधेवर डॉक्टर ॲट्रोपिन देतात, आणि ते धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींमधून मिळणारे अल्कलॉइड आहे. निंबोळी अर्कातला अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर मोडतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी असे सांगतात. त्याची रचना १९८५ मध्ये पक्की झाली आणि प्रयोगशाळेत तो संपूर्ण बनवायला २००७ उजाडले. कडुलिंबाचे झाड हे काम दर उन्हाळ्यात बिनबोभाट करते.

रोशाचे तेल

खानदेशाचे या शास्त्राशी सर्वांत जुने नाते एका गवताचे आहे आणि ते आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार भागातल्या डोंगरउतारांवर रोशा गवत कापून त्याचे तेल काढण्याच्या भट्ट्या लागत. तेल मुंबईला आणि तिथून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानपर्यंत जाई. तिथे गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. भेसळ खपून जाई, कारण रोशाच्या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल हा गुलाबाच्या अत्तरातही असतो. जिरॅनिऑल सुमारे २३० अंशांना उकळतो. तेवढी आच दिली तर तो बिघडू शकतो, पण पाण्याच्या वाफेबरोबर तो १०० च्या आतच निघून येतो. भट्टीवाल्यांना आकडे माहीत नव्हते, पण गवत पाण्यात उकळायचे आणि वाफ थंड करायची, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१८७१ मध्ये ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या या जातीच्या गवती तेलातून जिरॅनिऑल प्रथम शुद्ध रूपात वेगळा केला. त्यात दहा कार्बन, अठरा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. ऑक्सिडीकरणाने यातले दोन हायड्रोजन काढून घेतले की सिट्राल होतो. तो गवती चहाचा वास. युरोपच्या बाजारात रोशाच्या तेलाला ‘इंडियन जिरेनियम’ म्हणत, त्यावरून रेणूचे नाव पडले, जरी गवताचा जिरेनियमच्या झुडपाशी काहीही संबंध नाही.