कृत्रिम त्वचा: दोन थरांचा प्रश्न

निम्म्याहून जास्त अंग खोलवर भाजलं की सर्जनपुढे आधी हिशेब उभा राहतो: झाकायची जागा मोठी, कातडी काढायला निरोगी जागा थोडी. मांडीवरून ०.२ ते ०.४ मिमी जाडीचा पापुद्रा काढून जखमेवर लावण्याची रीत १८७०च्या दशकापासूनची. १९६४मध्ये त्याला बारीक चिरा पाडून जाळीसारखा ताणणारं यंत्र आलं. पण फार ताणलेल्या जाळीची भोकं भरायला वेळ लागतो आणि तिथेच व्रण आकसून सांधे आखडतात.

१९७५मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी बाह्यत्वचेच्या, म्हणजे त्वचेच्या वरच्या पातळ थराच्या, पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. किरणांनी वाढ थांबवलेल्या उंदराच्या पेशींचा थर अंथरायचा आणि त्यावर माणसाच्या पेशी पेरायच्या. दोन-तीन चौरस सेंटिमीटर कातडीतून तीन-चार आठवड्यांत अंगभर पुरतील इतक्या पेशींच्या पातळ चकत्या तयार होतात. १९८४मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेली दोन मुलं या चकत्यांच्या आधाराने वाचल्याचं प्रसिद्ध केलं.

चकती मात्र अवघ्या काही पेशींइतकी जाड. खाली अंतस्त्वचा, म्हणजे त्वचेचा जाड खालचा थर, नसेल तर नुसत्या घासण्यानेही ती सुटते, फोड येतात. तिला धरून ठेवणारे कोलॅजन या प्रथिनाचे बारीक तंतू पक्के व्हायला महिनोन् महिने लागतात.

बॉस्टनच्याच परिसरात जॉन बर्क हे सर्जन आणि एमआयटीचे आयोआनिस यानास खालच्या थराच्या मागे होते. जखम लवकर मिटावी म्हणून यानास यांनी कोलॅजन लावून पाहिलं, तर ती उलट उशिरा मिटू लागली. हे अपयश नव्हतं: आकसणं लांबलं, म्हणून व्रणाऐवजी अंतस्त्वचेसारखी ऊती भरत होती. मग गाईच्या स्नायुबंधातलं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हे साखरेच्या साखळ्यांचं द्रव्य एकत्र करून, गोठवून, सुकवून स्पंज बनवला. वर सिलिकॉनचं पातळ आवरण. छिद्रं २० ते १२५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवीत. त्याहून लहान असली तर पेशी आत शिरत नाहीत, मोठी असली तर पेशींना धरायला पृष्ठभाग कमी पडतो. १९८१मध्ये दहा रुग्णांवरचे निकाल आले. १९९६मध्ये अमेरिकेत ‘इंटेग्रा’ नावाने मान्यता मिळाली.

वापर सोपा नाही. मेलेली ऊती पूर्ण काढून, रक्तस्राव नीट थांबवूनच स्पंज लावायचा. दोन-तीन आठवड्यांत त्यात रक्तवाहिन्या शिरतात. मग सिलिकॉन सोलून रुग्णाच्याच कातडीचा सुमारे ०.१ मिमीचा पापुद्रा बसवायचा. खाली रक्त साकळलं की तेवढा भाग चिकटत नाही, आणि सिलिकॉनखाली पू झाला तर स्पंज कापून काढावा लागतो.

दोन्ही थर जोडायची एक वाट १९८६मध्ये सर्जन चार्ल्स कुओनो यांनी दाखवली: आधी मृत दात्याची त्वचा लावायची, तिची बाह्यत्वचा खरवडून काढायची आणि उरलेल्या अंतस्त्वचेवर रुग्णाच्या पेशींच्या चकत्या बसवायच्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २०००मध्ये सुरू झालेली त्वचापेढी दात्यांची त्वचा ग्लिसरॉलमध्ये टिकवते. ती मात्र तात्पुरतं पांघरूण म्हणून लावतात. काही आठवड्यांत शरीर ती नाकारतं, तोवर रुग्णाची स्वतःची कातडी पुन्हा काढण्याजोगी झालेली असावी लागते.